जस्ताला लागलेली कीड

भट्टीतलं जस्त पूर्ण वितळलं की फार शांत दिसतं. वर राखाडी साय धरते, ती आमचा ओतकाम करणारा उस्ताद लोखंडी पळीनं एका बाजूला सारतो आणि खालचं चकचकीत जस्त उघडं पडतं. बघणाऱ्याला वाटावं, पाणीच आहे. मला मात्र त्या शांतपणाची पहिल्या दिवसापासून धडकी भरलेली आहे. ओलसर लगड चुकून आत पडली तर काय होतं, हे मला कामाला लागताना उस्तादनं सांगितलं होतं, आणि शर्टाची बाही वर सारून दाखवलंही होतं. तेव्हापासून मी भट्टीकडे पाठ करून कधी उभी राहिलेली नाही.

मी घाबरटच आहे. घराबाहेर पडताना गॅस दोनदा बघते, कुलूप तीनदा ओढते आणि जिन्यावरून एकदा परत येते. नवरा म्हणतो, तुला भीती वाटायला कारण लागत नाही, जागा मिळाली की बसते. बरोबरच आहे त्याचं. पण एक भीती अशी होती की तिला कारण होतं, आणि ते कारण माझ्या तळहातावर मावत होतं. ती एक जीप होती, आम्हीच बनवलेली.

मुळशी तालुक्यातल्या उरवड्यात लहान लहान कारखान्यांच्या शेड आहेत. आमची शेवटची, भाताच्या खाचराला लागून. तिथे आम्ही धातूच्या छोट्या गाड्या बनवतो, खेळायच्या नव्हे, कपाटात ठेवून बघायच्या. लोक याला डायकास्ट म्हणतात. मोठ्या कारखान्यात पोलादी साचा असतो, यंत्र दाबून एकामागून एक गाडी काढतं. आमच्याकडे सगळं हाताचं. आधी मी पितळेचा मूळ नमुना करते, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन दिवसचे दिवस. त्याच्यावरून रबराचा गोल साचा तयार होतो. तो साचा फिरत्या तबकात बसवायचा. त्या यंत्राला आम्ही चक्की म्हणतो. चक्की गरगरत असताना मधल्या भोकातून पळीभर जस्त सोडायचं, की फिरण्याच्या जोरानं ते पार कडेपर्यंत, आरशाच्या दांडीपर्यंत जाऊन बसतं. साचा उघडला की गाड्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या गोल लागलेल्या असतात. मग त्या तोडायच्या, कडेला आलेली पातळ पापडी घासून काढायची, धुवायच्या, वाळवायच्या, प्रायमर मारायचा, रंग मारायचा, काचा आणि चाकं बसवायची, तळ जोडायचा. ओतकाम उस्तादचं, घासकाम आणि रंग माझ्याकडे, उरलेलं मालक स्वतः करतो.

मी मूळची परभणीकडची. पूर्वी हिंजवडीत एका कंपनीत संगणकावर गाड्यांची दारं काढायचे. नुसती दारं. त्या दारांची गाडी कधी बघितली नाही. शेवटी कंटाळून नोकरी सोडली आणि इथे आले. राहते सूसला, नांदे-लवळ्याच्या रस्त्यानं स्कूटरवर येते-जाते. सोसायटीतल्या बायका विचारतात, "अजून खेळण्यांच्यातच का गं?" मी हो म्हणून लिफ्टचं बटण दाबते.

या धंद्यात एका गोष्टीला सगळे टरकून असतात. जस्तात शिसं गेलं, अगदी थोडं, तरी त्या दिवशी काहीसुद्धा दिसत नाही. गाडी नेहमीसारखी सुबक निघते, रंगही छान धरते. पण आत कणाकणांमधली जागा कुजायला सुरुवात झालेली असते. दमट हवा मिळाली की त्याला जोर चढतो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, रंगाला बारीक फोड येतात, मग केसासारख्या भेगा, मग गाडी फुगते, वाकते, आणि एके दिवशी बोटानं दाबली तर बिस्किटासारखी मोडते. आम्ही याला नुसतं कीड म्हणतो. कीड लागलेल्या गाडीला औषध नाही. रंग खरवडून नवा मारला तरी ती आतून चालूच राहते. आणि आमचं मुळशी तर असं, की पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. म्हणून शेडमध्ये शिशाला बंदी. सोल्डरची तार आत आणायची नाही, जुनी बॅटरी आणायची नाही, मासे धरायच्या जाळ्याला बांधायच्या गोळ्या आणायच्या नाहीत. भट्टीजवळ उस्ताद कुणाला खिशात हात घालू देत नाही.

शेडची जागा आबांची. त्यांचं घर अंगणापलीकडे. आबा सत्तरीच्या पुढचे, उंच, आवाज खणखणीत. उमेद होती तोवर त्यांनी पौड-कोळवण रस्त्यावर जीप चालवली. एसटी चुकलेली माणसं आत, तांदळाची पोती टपावर, आणि उरलेली माणसं मागच्या पायदानावर लोंबकळत. मग काचबिंदूनं आधी एक डोळा गेला, पाठोपाठ दुसरा. जीप दारात गंजत उभी राहिली आणि शेवटी भंगारवाल्यानं ओढून नेली. नेण्याआधी आबांनी पक्कड मागून घेतली आणि चाचपडत चाचपडत चाकांच्या रिमवरची वजनं उपटून काढली. टायरवाला चाक डगमगू नये म्हणून रिमच्या कडेला ठोकतो ना, ती बोटाच्या पेराएवढी वजनं. हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"ती कशाला काढलीत आबा?" मी विचारलं.

"समदी जीप कुटं ठिवू? खिशात मावलं त्येवढं घेतलं."

मला ते ऐकून गंमत वाटली होती. वजनं कसली असतात, हा विचार डोक्यातसुद्धा आला नाही.

डोळे गेल्यापासून आबा आमच्या शेडच्या दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे. चक्कीचा आवाज ऐकत राहायचे. आवाज जरा बदलला की आतल्या उस्तादला ओरडून सांगायचे, "बेअरिंग बोंबलतंय रं तिचं!" एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं. "पोरी, माझी जीप करशील का? बघायची न्हाई मला. हातानं चाचपीन."

फोटो एकच होता, त्यात जीपपेक्षा तिच्यासमोर उभी राहिलेली वऱ्हाडी मंडळीच जास्त. त्यामुळे सगळी जीप मला आबांच्या बोलण्यावरून करावी लागली. मी पितळेचा नमुना घासून न्यायची, ते त्याच्यावरून अंगठा फिरवायचे आणि नापास करायचे.

"बॉनेट लई उतरतंय. माझी जीप म्हातारी व्हती, वाकल्याली न्हवती."

मी परत घासायची. परत न्यायची.

"मागल्या मडगार्डला पोचा कुटंय?"

"पोचापण करू?"

"मग? पोचा न्हाई तर जीप कुनाची म्हनायची?"

"कुठं ठोकली होतीत?"

"म्या न्हाई ठोकली. कोळवणच्या वड्यावरल्या मोरीनं ठोकली," असं म्हणून ते इतके हसले की आतून काकी, म्हणजे त्यांची बायको, काय झालं म्हणून बाहेर आल्या.

पोचा झाला. डाव्या बाजूला जरा खाली गेलेलं पायदान झालं. एक दिवस आबांनी नमुना पुढून मागे, मागून पुढे चाचपला आणि काहीच बोलले नाहीत. मी समजले, पास झाला. मालकाला जीप इतकी आवडली, की एकीच्या जागी साचाभर ओतू म्हणाला. पण ओतायच्या दिवशी मी नव्हते. परभणीला चुलतभावाचं लग्न होतं.

मी परत आले तेव्हा जीपा ओतून झाल्या होत्या. पहिली मी आबांची रंगवली, फिक्की निळी. ती हातात दिली तेव्हा आबा खुर्चीत ताठ बसले. अंगठा बॉनेटवरून काचेवर गेला, काचेवरून टपावर, टपावरून मागच्या पोच्यावर. तिथे थांबला. मग दाराच्या फटीत नखाचं टोक घालून ते म्हणाले, "हितं बसायचो मी." त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते बघून मला उगीचच अंगणातल्या कोंबड्यांकडे बघावं लागलं. त्या दिवसापासून जीप त्यांच्या हातातून सुटली नाही. चहा पिताना डाव्या हातात, जेवताना मांडीवर, दुपारी झोपताना उशीशेजारी. काकी मला म्हणाल्या, "डोळं गेल्यापास्नं मान्सात न्हवते गं. आता घरातबी बोलाय लागल्यात."

हे ऐकून मी खूश होते. अगदी हवेत होते म्हणा ना.

मग एकदा शेडमधला पंखा बिघडला म्हणून वायरमन आला आणि त्यानं पिशवीतून सोल्डरची तार काढली. उस्ताद त्याच्या अंगावर असा धावून गेला, की बिचारा पिशवी उचलून बाहेर पळाला. मी हसत होते, पण उस्तादचा चेहरा पांढरा पडला होता. जेवायच्या सुट्टीत तो डबा न उघडता माझ्यासमोर येऊन बसला. उस्ताद बिहारकडचा, मराठी समजतं, बोलताना मात्र हिंदीवर येतो.

"दीदी, एक बात बतानी थी। आबा ने उस दिन कुछ दिया था।"

"कोणत्या दिवशी?"

"जिस दिन जीप ढाली। बोले, मेरी गाड़ी का है, थोड़ा इसमें डाल दो।"

मला लगेच कळलं. तरी मी विचारलं, "काय दिलं?"

त्यानं बोटाचं पेर दाखवलं. करड्या रंगाची वजनं. त्याला वाटलं, लोखंडाची आहेत. लोखंड या भट्टीत वितळत नाही. तळाशी जाऊन बसेल, नंतर पळीनं काढून टाकू, म्हाताऱ्या माणसाचं मन राहील, असा साधा हिशेब त्यानं केला. "लेकिन वो तो गिरते ही गल गया, दीदी। मैं देखता रह गया।" चक्की फिरत होती, साचा तापलेला होता, आबा दारात बसून "घातलं का रं?" म्हणून विचारत होते. तो हो म्हणाला आणि त्यानं जस्त ओतलं. नंतर कुणाला सांगायची त्याची छाती झाली नाही.

मी त्याच्यावर चिडले का? नाही. मी स्वतः इतकी घाबरले होते की चिडायला जागाच नव्हती.

आम्ही मालकाला सांगितलं. त्यानं त्या भट्टीतल्या उरलेल्या जीपा एका खोक्यात भरून शेडबाहेर काढल्या आणि भट्टी रिकामी करून घासायला लावली. बाहेर गेलेली जीप एकच होती. "आबांना तू सांग," तो म्हणाला, "तुझं ऐकतात ते." मी मान हलवली. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? जीप मोडेल, एवढंच सांगून भागणार नव्हतं. का मोडेल ते विचारणारच. मग सांगावं लागणार, की आबा, तुम्ही जपून ठेवलेल्या वजनांनीच ती मोडेल. जो तुकडा मायेनं घातलात, तोच तिला खातोय. हे वाक्य मी मनात जुळवायची आणि परत मोडून टाकायची.

मग मी स्वतःची समजूत घातली की शिसं कमीच असेल, कदाचित काही होणार नाही. नुसत्या समजुतीवर माझं भागत नाही, म्हणून खोक्यातली एक बिनरंगाची जीप घरी आणली. वाफ दिली की जी कीड महिन्यांनी दिसायची ती लवकर दिसते, असं मालकाकडून ऐकलं होतं. माझ्याकडे मोदकपात्र होतं. रोज कामावरून आले की जीप त्यात ठेवायची आणि स्वयंपाक होईपर्यंत वाफवायची. पहिल्या दिवशी नवरा वास घेत आत आला, "मोदक?" म्हणाला. झाकण उचलून बघितल्यावर पुढे बरेच दिवस त्यानं स्वयंपाकघरात काही विचारलं नाही. रोज मी जीप चिमट्यानं बाहेर काढायची, चष्मा लावून उजेडात फिरवायची, आणि काही नाही असं बघून जेवायला बसायची. असे कितीतरी दिवस गेले. एका संध्याकाळी झाकण उघडलं तर जीपच्या मागच्या बाजूला पांढरट फुलोरा आला होता. मडगार्डवर एक रेघ होती. नखानं टोकरलं तर कपची सुटून ओट्यावर पडली. मी गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसले.

आता मला खात्री होती आणि आबांना काहीच माहीत नव्हतं. त्यात पावसाचे दिवस. शेडच्या पत्र्याला आतून घाम यायचा, कागद मऊ पडायचे. मी स्कूटर लावली की हेल्मेट काढायच्या आधी अंगणापलीकडे बघायची. आबांच्या हातात जीप अख्खी दिसली की श्वास सोडायची. मग जवळ जाऊन नीट बघायची. आबांना माझी चाहूल लागायची.

"कशी हाय गाडी?" ते विचारायचे.

"छान आहे आबा, एकदम छान."

आधी खरोखरच छान होती. मग एके दिवशी पोच्याच्या वर रंग जरा उचललेला दिसला, अंगावर घामोळं उठतं तसा. काही दिवसांनी त्याच्या शेजारी केसाएवढी भेग. आबांचा अंगठा नेमका तिच्यावर होता. मी बघत राहिले. अंगठा भेगेवरून गेला, थांबला, परत आला. आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी विचारलं, "कशी हाय गाडी?"

"छान आहे आबा."

"बरं," ते म्हणाले.

त्यानंतर आबा बदलत गेले. चक्कीतली खोट काढेनात. जीप हातात असायची, पण अंगठा फिरायचा नाही, नुसती मुठीत धरलेली. कधी बघावं तर ते भिंतीच्या गिलाव्यावर बोटं घासत असायचे, मग धोतराच्या काठावर, मग पुन्हा भिंतीवर. एकदा चहाची कपबशी हातातून सुटली. काकी म्हणाल्या, "अवो, नीट धरा की!" तर आबा असे खेकसले, की काकी फुटकी बशी उचलायला खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत बराच वेळ. मी शेडच्या दारातून हे बघितलं आणि मला कळून चुकलं, आबांना समजलंय. मी खोटं बोलते हेही समजलंय, आणि खरं माझ्या तोंडून निघायची ते वाट बघतायत. रोज जेवढी वाट बघतायत तेवढा राग वाढत असणार. मी त्यांना चुकवून मागच्या दारानं शेडमध्ये जायला लागले. रात्री झोप लागेना. बोटं घासणारा तो हात डोळ्यांसमोरून हलेना.

शेवटी मी एक बेत केला. नव्या, स्वच्छ जस्तातून दुसरी जीप ओतून घेतली. तोच साचा, तोच रंग, पोच्याची धार हातानं तश्शीच केली. खराब जीप गुपचूप उचलायची आणि ही ठेवायची. ठरवलेल्या दिवशी मी पिशवी घेऊन अंगण ओलांडलं. काकी खाचरात गेल्या होत्या. आबा पडवीत बसलेले, दोन्ही हात रिकामे, मांडीवर उलटे पडलेले. हातात जीप नाही असे आबा मी कितीतरी महिन्यांत बघितले नव्हते.

"आबा, जीप?"

"हाय तितं, खिडकीत. हात लावू नगंस."

"का?"

"नगं म्हनतुया ना मी!"

मी पायरीवर बसले. बेत कुठल्या कुठे गेला. मी सगळं बोलून टाकलं, वाक्यं न जुळवता, एकात एक. भट्टी, शिसं, कीड, मोदकपात्र. ती वजनं शिशाची होती आबा, त्यांच्यामुळे झालं. जीप आतून कुजतेय. टिकणार नाही. मला ठाऊक होतं आणि मी रोज छान आहे म्हणत होते, कारण मला तुमची भीती वाटत होती.

आबांनी विचारलं, "कुटं खराब झालीया?"

"मागच्या मडगार्डला. भेग पडलीय."

"केसावानी?"

"हो."

"पोच्याच्या वरल्या अंगाला? आन म्होरं बारीक बारीक पुरळ?"

"हो आबा."

"तुला दिसतंय त्ये? सवताच्या डोळ्यानं?"

"मला दिसतंय. खूप दिवसांपासून दिसतंय."

त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढून तोंडावर धरला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, ज्याची भीती होती तेच झालं. मी उठून उभी राहिले. पंच्याआडून आवाज आला तो धड हसण्याचा नव्हता, धड रडण्याचा नव्हता.

"म्हंजी गाडीच खराब हाय?" ते म्हणाले. "गाडीच?"

"हो आबा."

"माजी बोटं न्हाईत?"

मला काही समजेना. त्यांनी पंचा खाली घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"पिरंगुटचा डाक्टर म्हनला व्हता, साखर सांभाळा आबा, हाताची बोटं बधिर व्हत्यात, कायबाय लागाय लागतंय. मला वाटलं झालं सुरू. डोळं गेलं तवा असंच झालं व्हतं. समद्यांला दिसायचं, आन मला न्हाई. आता मला गाडी खरबरीत लागायची, आन तू रोज येऊन म्हनायचीस, झ्याक हाय आबा. तू डोळ्यानं बघून सांगतीस, म्हंजी गाडी गुळगुळीतच असनार. मग चुकतंय कोन? माजी बोटं. भितीवर घासून बघायचो, धोतरावर बघायचो. कवा बरोबर लागायचं, कवा न्हाई. डोळं गेलं, आता बोटंबी गेली तर मानसानं ऱ्हायाचं कशात?"

"तुम्ही मला विचारायचंत ना आबा. एकदा तरी."

"इचारलं असतं आन तू म्हनली असतीस, न्हाई आबा, कुटं कायच न्हाई, तर? मग काय केलं असतं मी? त्यापरीस न इचारल्यालं बरं."

मी खिडकीतली जीप आणून त्यांच्या हातात दिली. पिशवीतली दुसरीही दिली. त्यांनी एकीवर एक अंगठा ठेवला आणि दोन्ही अंगठे एकदम फिरवले. "ही गुळगुळीत," ते म्हणाले. "आन हिला कीड हाय." मग पहिलीच्या मडगार्डवर जरा जोर दिला. कड टचकन तुटून पडवीत पडली. मी दचकले, ते नाहीत. त्यांना त्या तुटण्याचा आनंदच झाला होता. "पडली न्हवं? ऐकलंस? मला बरूबर लागत व्हतं." वजनांचं मी पुन्हा काढलं तर म्हणाले, "मरू देत ती वजनं. म्याच घातली, मीच ऐकीन तिला मोडताना."

दोन्ही जीपा त्यांनी मांडीवर ठेवल्या. "तुजा हात दे हिकडं," ते म्हणाले.

मी हात पुढे केला. त्यांनी तो उताणा धरला आणि एकेका बोटावरून अंगठा नेला, सावकाश, जीपच्या नमुन्यावरून न्यायचे तसा.

"हितं कानस लागलीया. ताजी हाय, काल-परवाची."

"हो."

"हितं भाजलंय. जुनं. भरून आलंय."

"हो आबा."

अंगठा तळहातावर आला आणि तिथेच राहिला.

"आन ह्यो समदा हात थरथरतुया पोरी," ते म्हणाले. "इतके दिस माझ्यावानी तूबी भ्यालीवतीस व्हय?"